रक्तदानाची सवय: वहीच्या मागच्या पानांवरचे प्रश्न

गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या आमच्या वाड्यावर एक दोनशे पानी वही आहे. आत चार रकाने आखलेत: नाव, रक्तगट, शेवटचं रक्तदान, पुढची तारीख. वही माझ्याकडे असते, म्हणून प्रश्नही माझ्याकडे येतात. कधी दुकानात, कधी जत्रेत, कधी रात्री साडेदहाला फोनवर. ते मी मागच्या पानांवरून लिहीत आले. खालचं सगळं तिथूनच उतरवलंय. मी डॉक्टर नाही, ग्रंथालयात काम करते. देशभरच्या रक्तपेढ्या जे निकष पाळतात तेच इथे सांगितलेत. तुमच्याबाबतीत शेवटचा शब्द मात्र समोरच्या डॉक्टरांचा.

मी कॉलेजात असताना एकदा दिलं होतं. तेवढं पुरे नाही का?

त्या वेळी ज्याला मिळालं त्याला पुरलं. पण रक्त म्हणजे तांदूळ नव्हे, कणगीत भरून ठेवता येत नाही. तुमच्या एका पिशवीचे रक्तपेढीत तीन भाग होतात. लाल पेशी थंडाव्यात ३५ दिवस, काही पिशव्यांतल्या खास द्रावणात ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, गोठवला तर वर्षभर राहतो. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणारे कण, मात्र साध्या खोलीच्या तापमानाला, सतत हलत्या ट्रेवर ठेवाव्या लागतात आणि पाचच दिवस टिकतात. सोमवारी दिलेल्या प्लेटलेट्स पुढच्या सोमवारी कुणाला देता येत नाहीत.

दुसऱ्या बाजूला गरज रोजची आहे. थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, ते मूल शाळेत जात असो की गणेशचवथीला मामाकडे गेलेलं असो. कर्करोगाच्या उपचारात प्लेटलेट्स खाली येतात. बाळंतपणात अचानक रक्तस्राव होतो. एका दिवशी शंभर जणांनी दिलं आणि पुढचे दोन महिने कोणी फिरकलं नाही, तर कपाट एकदा भरतं आणि मग रिकामं होत जातं. थोडी माणसं, पण ठरलेल्या दिवशी येणारी, अशी रक्तपेढीला हवी असतात. आमची वही त्यासाठीच आहे.

गरज लागली की फोन करा, मी मध्यरात्रीही येतो. हे बरं नाही का?

मन मोठं आहे, पण तुम्ही पोचेपर्यंत त्या रुग्णाला दुसऱ्याच कोणाचं तरी रक्त लागलेलं असतं. घेतलेलं रक्त लगेच चढवत नाहीत. त्याची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गरमी (सिफिलिस) आणि मलेरिया या पाच गोष्टींसाठी तपासणी होते, गट पुन्हा पडताळतात, रुग्णाच्या रक्ताशी जुळवून बघतात. यात काही तास जातात. महामार्गावर ट्रकखाली आलेल्या मुलाला १०८ रुग्णवाहिकेने बांबोळीच्या सरकारी इस्पितळात आणलं, तर त्याला वाचवणारं रक्त आधीच फ्रिजमध्ये असावं लागतं. कुणीतरी तीन आठवड्यांपूर्वी, काहीही घडलेलं नसताना, एका कंटाळवाण्या मंगळवारी जाऊन दिलेलं.

मध्यरात्री धावून जाण्याची गोष्ट नंतर सांगायला छान असते, हे मलाही मान्य आहे. मंगळवारची सांगण्यासारखी नसते.

किती दिवसांनी द्यायचं?

पुरुषांनी ९० दिवसांनी, स्त्रियांनी १२० दिवसांनी. म्हणजे पुरुषाला वर्षातून चारदा, बाईला तीनदा.

उदाहरणच घ्या. १५ जानेवारीला दिलं, तर पुरुषाची पुढची तारीख १५ एप्रिल, मग १४ जुलै, मग १२ ऑक्टोबर. बाईची १५ मे आणि मग १२ सप्टेंबर. लीप वर्षात एक दिवस मागेपुढे.

हे अंतर कशासाठी, असं शाळेतली मुलं हमखास विचारतात. द्रव भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशी चार ते सहा आठवड्यांत. पण ४५० मिलिलिटरच्या पिशवीबरोबर अंगातलं सुमारे २०० मिलिग्रॅम लोह जातं आणि जेवणातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच अंगी लागतं. तो हिशेब जुळायला महिने लागतात. बायकांचं लोह पाळीतही जातं, म्हणून त्यांना महिनाभर जास्त. कोणी ‘मला काही होत नाही’ म्हणून दोन महिन्यांत परत निघाला, तर आम्ही त्याला वही दाखवून घरी बसवतो.

ठरवतो खरं, पण तारीख निघून जाते. सवय लागावी कशी?

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

पहिलं म्हणजे, ‘तीन महिन्यांनी देईन’ असं म्हणू नका. रक्त देऊन खुर्चीत बिस्किट खात बसला असाल तेव्हाच मोबाइलच्या कॅलेंडरात पुढची तारीख घाला, आणि आठवण त्या दिवसाची लावू नका, चार दिवस आधीची लावा. चार दिवसांत झोप, जेवण, सुट्टी हे सगळं जुळवता येतं. त्याच दिवशी सकाळी आठवण वाजली तर ती बंद करून आपण कामाला जातो. माझंही तसंच व्हायचं.

दुसरं म्हणजे जोडी करा. वहीत आम्ही नावं सुटी लिहीत नाही, दोन-दोन लिहितो. शेजारी-शेजारी राहणारे, एकाच बसने पणजीला जाणारे, दीर-भावजय. एकाला कंटाळा आला तर दुसरा ‘चल गे’ म्हणून उठवतो. एकट्याने दिलेला शब्द मोडायला सोपा जातो, शेजारणीला दिलेला मोडायला अवघड.

तिसरी गोष्ट गोव्याच्या पंचांगाची. इथे रक्ताची चणचण कधी होते याला एक ठरावीक चाल आहे. मे महिन्यात कॉलेजं बंद, एनएसएसची शिबिरं बंद, मुंबईचे पाहुणे घरात, लग्नं, जत्रा. चवथीच्या आठवड्यात अख्खा गोवा माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास) बांधण्यात आणि आरत्यांत. मग दिवाळी, मग नाताळ ते नवीन वर्ष. या दिवसांत रस्त्यावर गाड्या जास्त असतात, अपघात होतात आणि देणारे घरी असतात. म्हणून आम्ही तारखा सणाच्या आठ-दहा दिवस आधी लावतो. चवथीचं सामान आणायला म्हापशाला जायचंच असतं, त्या फेरीत जिल्हा इस्पितळातही जाऊन या. आमच्या वहीतल्या सात-आठ जणांना ही फेरी आता इतकी अंगवळणी पडलीय की बाजाराच्या यादीतच ‘रक्त’ असं लिहितात, हळद आणि कापूर यांच्या मधे.

आणि एक वेळ चुकली तर? चुकली. पुढच्या आठवड्यात जा. वर्षाचं गणित बिघडलं म्हणून कोणी दंड करत नाही.

मला देता येईल का, हे आधी कसं कळणार?

वय १८ ते ६५. पहिल्यांदाच देणार असाल तर साठीच्या आत. वजन किमान ४५ किलो; ५५च्या वर असेल तर ४५० मिलिलिटर घेऊ शकतात, नाहीतर ३५०. हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त, बाई-पुरुष दोघांनाही तेच. रक्तदाब, नाडी आणि ताप तिथेच बघतात.

माझं हिमोग्लोबिन कमी भरलं आणि परत पाठवलं. आता काय?

पहिल्या वेळी मलाही परत पाठवलं होतं.

टेबलावर एका बरणीत निळंशार पाणी होतं, मोरचुदाचं. बोटाला टोचून एक थेंब त्यात सोडला. शेजारच्या मुलाचा थेंब दगडासारखा तळाशी गेला होता. माझा मध्येच रेंगाळला, थोडा विचार केल्यासारखा थांबला आणि वर आला. त्या बाई म्हणाल्या, ‘तरंगला, आज नाही जमणार.’ मशीनवर आकडा आला ११.४. मला वाटत होतं मी धडधाकट आहे. घरातलं सगळं करत होते, जिने चढत होते. दम लागायचा तो वयाचा समजत होते, आणि वय होतं ३४.

तपासणीत नापास झाल्याचा राग आला, तोही शिबिर भरवणाऱ्यांवर. पण खरं तर फुकटात एक गोष्ट कळली होती. डॉक्टरांकडे गेले, कारण शोधलं, लोहाच्या गोळ्या तीन महिने घेतल्या. गोळ्या मनाने घेऊ नका. पाळीत जास्त जातंय का, जंत आहेत का, आणखी काही आहे का, हे आधी बघावं लागतं. चौथ्या महिन्यात थेंब बुडाला. त्या निळ्या बरणीकडे मी इतकी टक लावून बघत होते की त्या बाई हसल्या.

आमच्या वहीत बायकांची नावं कमी आहेत. त्याचं मोठं कारण हेच आहे, भीती नव्हे.

मग खावं काय?

बाहेरून काही महागडं आणायची गरज नाही. तिसऱ्या आणि खुबे या शिंपल्यांत लोह भरपूर असतं, आणि ते अंगी लागायला सोपं. शाकाहारी असाल तर तांबडी भाजी, कुळीथ, अळसांदे, नाचणी. यांचं लोह शरीर जरा नाखुशीने घेतं, म्हणून बरोबर आंबट हवं: लिंबू पिळा, आवळा खा, पेरू खा. आणि जेवणाला लागून चहा पिऊ नका. जेवण झालं की लगेच चहा, या आपल्या सवयीने ताटातलं बरंचसं लोह वाया जातं. तास-दीड तास थांबा. ही एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

बीट खाऊन रक्त वाढतं हा रंगाचा भ्रम आहे. खा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

पावसात ताप येऊन गेला. चालेल?

कुठला ताप, ते महत्त्वाचं. साधी सर्दी-खोकला असेल तर सगळी लक्षणं जाऊ द्या. डेंगी किंवा चिकुनगुनिया झाला असेल तर पूर्ण बरं झाल्यापासून ६ महिने थांबायचं. मलेरियानंतर ३ महिने. टायफॉइडनंतर १२ महिने.

पावसाळ्यात एक विचित्र कोंडी होते. डेंगीचे रुग्ण वाढतात तशी काहींना प्लेटलेट्सची गरज लागते, आणि त्याच डेंगीने नेहमीचे दाते सहा महिन्यांसाठी बाद होतात. एका पावसाळ्यानंतर आमच्या वहीतली पाच नावं पेन्सिलने कंसात टाकावी लागली होती. तेव्हा नारळाच्या करवंट्या, जुने टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या यांतलं पाणी ओतून टाकणं हेही दात्याचंच काम समजा.

बीपीची गोळी चालू आहे. शुगर आहे. थायरॉइड आहे. टॅटू काढलाय.

बीपी गोळीने ताब्यात असेल तर सहसा घेतात. शुगरला पोटातून घ्यायच्या गोळ्या असतील आणि गेल्या चार आठवड्यांत त्या बदललेल्या नसतील तर देता येतं. इन्सुलिन घेणाऱ्यांना नाही. थायरॉइडची पातळी गोळीने ठीक असेल तर चालतं. टॅटू किंवा कान-नाक टोचून झाल्यावर १२ महिने. मोठी शस्त्रक्रिया, तरीही १२ महिने. दात काढला असेल तर ६ महिने जाऊ द्या आणि सांगा. गरोदरपणी आणि बाळाला अंगावर पाजत असताना नाही, बाळंतपणानंतर वर्षभर नाही. पाळीच्या दिवसांत नाही.

गोळीचं नाव आठवत नसेल तर पाकीटच खिशात घालून न्या. ‘ती छोटी पांढरी’ हे उत्तर तिथे रोज ऐकतात.

एकादशी आहे, उपवास आहे.

मग उद्या जा. उपाशीपोटी देत नाहीत. श्रावणातले सोमवार धरणाऱ्यांनी तारीख लावतानाच हे बघावं.

आदल्या रात्री फेणी झाली असेल तर?

थोडी झाली की जास्त, हे तुम्हाला ठाऊक. अंगात नशा असताना तर घेतच नाहीत, आणि दारूने शरीरातलं पाणी कमी होतं, त्यावर रक्त दिलं की गरगरतं. आदला दिवस कोरडा ठेवा. एप्रिल-मेच्या उर्राकाच्या (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या) हंगामात ही सूचना मी जरा मोठ्याने करते. दिल्यानंतरही त्या संध्याकाळी नको.

मला सुईची भीती वाटते. चक्कर आली तर?

येऊ शकते, विशेषतः पहिल्यांदा, तरुण आणि सडपातळ माणसांना. बहुतेक वेळा कारण पोट रिकामं, पाणी कमी, झोप अपुरी किंवा नुसती धास्ती. जायच्या आधी अर्ध्या तासात दोन मोठे पेले पाणी प्या. सुई टोचताना दुसरीकडे बघा. खुर्चीवर असताना पायाच्या पोटऱ्या आणि मांड्या आवळून सोडत राहा, त्याने रक्तदाब एकदम पडत नाही. गरगरल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा. ‘बघू जरा वेळ’ म्हणून गप्प राहणारेच पडतात. आडवं करून पाय वर घेतले की दोन-चार मिनिटांत ठीक होतं.

एक जुनी चूक कबूल करते. एका शिबिरात मी मदतीला होते. मे महिना, पत्र्याचं सभागृह, दोन पंखे, त्यातला एक बंद. भाषणं लांबली. सकाळी नऊला आलेल्या मुलांना साडेअकराला खाटेवर घेतलं, सरबत तर त्याहून उशिरा आलं. दोघे जण उठता उठता कोसळले, एकाच्या हनुवटीला टाके पडले. त्या मुलाने पुन्हा कधी दिलं नाही. त्याच्या आईने मला दोन वर्षं नीट हाक मारली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. तेव्हापासून आमच्याकडे भाषण नसतं. पंखे आणि पाणी आधी, मग बाकीचं.

मी बस चालवतो. / मी माडावर चढतो.

लांबच्या पल्ल्याचे ड्रायव्हर, विमानातले कर्मचारी, पाण्याखाली उतरणारे, अग्निशमन दलासारख्या सेवेतले आणि अंगमेहनतीचं काम करणारे यांनी पुढच्या पाळीच्या २४ तास आधी देऊ नये असा नियमच आहे. तुमच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी या. पाडेलींना तर मी हात जोडून सांगते: आज रक्त दिलंत तर आजही माड नाही आणि उद्या सकाळीही नाही. रात्रपाळी करून थेट आलात तर आधी घरी जाऊन झोपा.

एकूण वेळ किती जातो?

फॉर्म, प्रश्न, तपासणी, नंतरची विश्रांती धरून पाऊण ते एक तास. पिशवी भरायला पाच ते दहा मिनिटं. हातात स्पंजचा चेंडू देतात, तो दाबत राहायचं. पिशवी शेजारच्या यंत्रावर पाळण्यासारखी झुलत असते, आतल्या औषधात रक्त नीट मिसळावं आणि गोठू नये म्हणून. नंतर दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. बसा. स्कूटर कुठे पळून जात नाही. पट्टी चार-पाच तास राहू द्या आणि त्या हाताने नारळाचं पोतं उचलू नका. कोपराजवळ निळं-काळं झालं तर घाबरू नका, थंड पाण्याची घडी ठेवा. आठवड्याभरात रंग उतरतो.

गोव्यात जायचं कुठे?

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), म्हापशाला उत्तर गोवा जिल्हा इस्पितळात, मडगावला दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळात. जुनी माणसं अजून अनुक्रमे ‘बांबोळी’, ‘आझिलो’ आणि ‘हॉस्पिसियो’ म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच कळतं. काही खासगी इस्पितळांच्याही रक्तपेढ्या आहेत. निघण्याआधी फोन करून वेळ विचारा. ‘ई-रक्तकोश’ या सरकारी संकेतस्थळावर जवळची केंद्रं, शिबिरं आणि साठा बघता येतो.

गोमेकॉत फक्त गोव्याचे रुग्ण नसतात. दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा, कारवारकडूनही माणसं तिथेच येतात. एकदा तिथल्या बाकावर सावंतवाडीकडचे एक आजोबा भेटले, सुनेसाठी आले होते. त्यांच्या ओळखीचं गोव्यात एकही माणूस नव्हतं. रक्ताच्या बदल्यात तुमचा दाता आणा म्हटलं तर ते कुणाला आणणार होते?

आम्ही फुकट देतो, मग रुग्णाकडून पैसे कसे घेतात?

हा प्रश्न रागाने विचारला जातो. रक्ताची किंमत घेत नाहीत, घेता येतही नाही. पिशवी, पाच तपासण्या, घटक वेगळे करणं, साठवण यांचा खर्च असतो, त्याचं प्रक्रिया शुल्क घेतात. ते किती घ्यावं याची कमाल मर्यादा सरकारने ठरवलेली आहे. जास्त मागितलं तर पावती मागा आणि तक्रार करा.

पूर्वी देशात पैसे घेऊन रक्त विकणारे धंदेवाईक दाते असत. गरिबी आणि व्यसनापायी ही माणसं आजार लपवून पुन्हा पुन्हा देत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून हा प्रकार बंद झाला. म्हणून आता सगळी मदार तुमच्या-माझ्यावर आहे. कोणी पैसे देऊ करून दाता शोधत असेल तर त्या फोनला उत्तरही देऊ नका.

घरच्यांचंच रक्त चढवलेलं चांगलं ना?

मायेच्या दृष्टीने ठीक, वैद्यकाच्या दृष्टीने उलटं. सख्ख्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्यामुळे त्या आत तग धरतात आणि रुग्णाच्याच पेशींवर उलटतात, असा एक दुर्मीळ पण जीवघेणा धोका असतो. तो टाळायला अशा रक्तावर किरणांची प्रक्रिया करावी लागते. शिवाय घरचा माणूस दडपणाखाली देतो. ‘मला अमुक आजार होऊन गेला’ हे सासरच्या लोकांसमोर त्याच्या तोंडून निघत नाही.

माझा गट बी पॉझिटिव्ह. तो तर सगळ्यांचाच असतो, माझी काय गरज?

सगळ्यांचा असतो, म्हणजे रुग्णांचाही तोच असतो. आपल्याकडे बी आणि ओ हे गट जास्त, म्हणून मागणीही त्यांचीच जास्त. निगेटिव्हवाले शंभरांत पाचेक. त्यांनी तर आपली तारीख वहीत जाड अक्षरात लिहून घ्यावी, आणि दोन निगेटिव्हवाल्यांनी एकाच दिवशी न देता महिनाभराच्या अंतराने द्यावं.

एक गट असा आहे की साध्या तपासणीत तो ओ वाटतो, पण ओचं रक्त त्याला चालत नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो शोधला, म्हणून त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एक. अशा माणसाला त्याच गटाचं रक्त लागतं, दुसरं कुठलंही नाही. तुम्ही ‘ओ’ असाल आणि जुळवताना काही वेगळं निघालं असं कोणी सांगितलं, तर तो कागद फेकून देऊ नका.

एचआयव्हीची तपासणी फुकट होईल म्हणून दिलं तर?

कृपा करून नको. लागण ताजी असेल तर सुरुवातीच्या काही दिवसांत तपासणीत सापडत नाही, पण रक्तातून पसरते. शंका असेल तर सरकारी इस्पितळांतल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात ही तपासणी मोफत आणि गुप्तपणे करतात. शिबिरात मित्रांबरोबर आलाय आणि फॉर्मवर खरं लिहायची लाज वाटतेय, तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, ते ‘बीपी जास्त आहे’ म्हणून परत पाठवतील. किंवा नुसतं ‘सकाळपासून खाल्लं नाही’ म्हणून उठा. कोणी विचारत नाही.

नुसत्या प्लेटलेट्स देता येतात म्हणे?

हो. यंत्र रक्त घेतं, प्लेटलेट्स काढून बाकीचं तुम्हालाच परत देतं. वेळ जास्त लागतो, तास-दीड तास. लोह फारसं जात नाही, त्यामुळे ४८ तासांच्या अंतराने पुन्हा देता येतात; आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा ही मर्यादा. ज्यांना शांत बसून वाचायला आवडतं त्यांना मी हे सुचवते. आमच्या वहीतला एक मुलगा दर वेळी एक दिवाळी अंक घेऊन जातो.

पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शिबिरात द्यावं का?

परवाना असलेल्या रक्तपेढीची माणसं आली असतील तर रक्त रक्तच असतं. माझी कुरकूर वेगळी आहे. एकाच आठवड्यात तीन गावांत तीन वाढदिवस, प्रत्येक ठिकाणी छत्री नाहीतर भिंतीवरचं घड्याळ, आणि मग सगळ्यांची ९० दिवसांची घडी एकत्रच सुरू होते. त्यातली निम्मी माणसं दोन-तीन वेगवेगळ्या महिन्यांत गेली असती तर कपाट भरलेलं राहिलं असतं. घड्याळाला नाही म्हणा असं मी म्हणत नाही. तारीख मात्र आपली ठेवा. १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन आणि १४ जूनचा जागतिक दिन, दोन्ही दिवशी गर्दी असते. आमच्या वहीत या दोन तारखा आम्ही मुद्दाम रिकाम्या ठेवतो.

ऑफिसातून सुट्टी मिळते का?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना परवानाधारक रक्तपेढीत दिल्यास कामाच्या दिवशी विशेष नैमित्तिक रजा मिळते, वर्षातून चार वेळा. बाकीच्यांनी आपल्या आस्थापनेत विचारावं. प्रमाणपत्र मागून घ्या.

मला पासष्ट झाली. आता वहीतून नाव काढणार?

आमच्या एका निवृत्त मास्तरांनी हाच प्रश्न विचारला होता, जरा घुश्शातच. शेवटचं रक्तदान त्यांनी वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात केलं, इस्त्रीचा शर्ट घालून. नाव काढलं नाही, रकाना बदलला. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, म्हणून वही आता अर्धा महिना त्यांच्याकडे असते. दर रविवारी सकाळी पूजा आटोपली की ते चष्मा लावून बसतात आणि त्या आठवड्यात ज्यांच्या तारखा येतात त्यांना एकेकाला फोन करतात. ‘मास्तर बोलतोय. गुरुवारी तुझी पाळी. जेवून जा.’ एवढंच. कोणी उचलला नाही तर दुपारी परत करतात.